पश्चिमेचं काचघर: फोटोंच्या बोर्डापासून नकाशापर्यंत

६ जानेवारी

काचघराचा नकाशा करायचं काम पक्कं झालं. घराच्या पश्चिम भिंतीला लागून काचघर, आतून चार मीटर लांब, तीन मीटर खोल. अर्धी जागा झाडांना, अर्धी बसायला. तिथे सगळ्यात जास्त वेळ घरातले काका असणार. झाडं त्यांची, वाचन त्यांचं. त्यांच्या मुलाने आणि सुनेने आपापल्या फोनवर साठवलेले फोटो मला पाठवले आहेत. त्याचे सगळे काळ्या पोलादी चौकटींचे, तिचे पांढऱ्या लाकडाचे आणि वेलींनी भरलेले. दोघांनाही एकमेकांची निवड आवडते, त्यामुळे वाद नाही. पण या ढिगातून एक खोली काढायची आहे आणि ती त्यातल्या कुठल्याच फोटोसारखी असणार नाही, हे त्यांना आत्तापासून दिसायला हवं.

म्हणून एक नियम घातला. फोटो साठवताना खाली एक ओळ लिहायची: यातलं नेमकं काय हवंय? 'सुंदर' एवढं पुरणार नाही. 'खिडकीची खालची कड गुडघ्याइतकी', 'आढ्याजवळ उघडणारी झडप', 'भिंतीला टेकून बसायचा कट्टा' असं काहीतरी. ओळ सुचली नाही तर फोटो काढून टाकायचा. सगळ्यांसाठी पिंटरेस्ट या फोटो साठवायच्या संकेतस्थळावर एक सामायिक बोर्ड उघडला. इन्स्टाग्रामवरचे फोटो तिथल्याच कलेक्शनमध्ये ठेवायचे आणि प्रत्येकाच्या नोंदीत मूळ छायाचित्रकाराचं किंवा वास्तुरचनाकाराचं नाव लिहायचं.

९ जानेवारी

कुठला शब्द टाकून शोधतो त्यावर समोर येणारी इमारतच बदलते. 'कॉन्झर्व्हेटरी' टाकलं की काचेचं उतरतं छत, उभट तावदानं, आढ्यावर नक्षी. 'ऑरेंजरी' टाकलं की विटांचे जाड खांब, कडेने सपाट भरीव छत आणि मधोमध काचेचा उंचवटा. 'सनरूम'ला पूर्ण भरीव छत आणि तीन बाजूंनी खिडक्या. 'विंटरगार्टन' या जर्मन शब्दाला बारीक ॲल्युमिनियम, सरकती दारं आणि बाहेरून गुंडाळता येणारे पडदे.

हा फरक निव्वळ शैलीचा नाही. व्हर्सायची ऑरेंजरी १६८४ ते १६८६ मध्ये बांधली गेली. वर दगडी कमानींचं छत आणि काच फक्त दक्षिणेकडच्या उंच खिडक्यांत. कुंड्यांतली संत्र्याची झाडं थंडीपुरती आत आणायची, एवढंच तिचं काम. तिरपं ऊन खिडक्यांतून आत येई आणि जाड दगड ते धरून ठेवी. पूर्ण काचेचं छत खूप नंतरचं आहे. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि त्यानंतर तिथे काचघरांची लाट आली. आज फोनवर दिसणारी बहुतेक 'जुन्या वळणाची' काचघरं त्या लाटेची नक्कल आहेत.

पश्चिमेच्या भिंतीला मात्र ऑरेंजरी आणि विंटरगार्टन जवळची वाटतात. बोर्डात त्यांचे वेगळे विभाग केले.

१४ जानेवारी

आज बोर्ड सलग चाळला आणि एक गोष्ट ठळक दिसली. जवळजवळ सगळे फोटो एकाच वेळेचे आहेत. ऊन खाली उतरलेलं, सोनेरी, फरशीवर चौकटींच्या लांब सावल्या, पानांच्या मागून प्रकाश. छायाचित्रकार हीच वेळ निवडतात, कारण काच तेव्हाच सर्वांत देखणी दिसते.

आमच्या जागेत ही वेळ म्हणजे दुपारी उशिरापासून सूर्यास्तापर्यंत. ज्या उन्हाने फोटो सुंदर होतो, त्याच उन्हाने पश्चिमेची खोली तापते. गणित साधं आहे. खिडकीची वरची कड २.४ मीटरवर धरली आणि सूर्य ४५ अंशांवर असला तर ऊन आत २.४ मीटरपर्यंत येतं. सूर्य २० अंशांवर उतरला की तेच ऊन साडेसहा मीटर आत जातं. आमची खोली तीन मीटर खोल आहे, म्हणजे ते थेट घराच्या भिंतीवर आणि काकांच्या खुर्चीवर पोचणार.

पुढचा भाग काचेचा. लघुलहरींचं ऊन ती आत सोडते. त्याने तापलेल्या फरशीतून आणि भिंतीतून निघणाऱ्या दीर्घ लहरींच्या उष्णतेला ती बाहेर जाऊ देत नाही. शिवाय गरम झालेल्या हवेला निघून जायला वाट नसते. यातलं काहीच फोटोत येत नाही. फोटोला तापमान नसतं.

बोर्डाच्या नोंदीत म्हणून आणखी तीन रकाने वाढवले: ऊन कुठल्या बाजूचं, वेळ साधारण कोणती, हवा बाहेर पडायला वाट कुठे. तिसरा रकाना बहुतेक फोटोंपुढे रिकामा राहतोय.

१८ जानेवारी

फोटो कुठल्या देशातला, हेही पाहायला सुरुवात केली. माध्यान्हीच्या सूर्याची उंची कुठेही काढता येते: विषुवदिनी ९० वजा अक्षांश, मग ऋतूप्रमाणे त्यात साडेतेवीस अंशांची भर किंवा घट. लंडन साधारण ५१.५ अक्षांशावर आहे. तिथे ऐन हिवाळ्यात भर दुपारी सूर्य जेमतेम १५ अंशांवर असतो. अशा ठिकाणी काचेचं छत म्हणजे मिळेल तेवढा उजेड गोळा करायची सोय. विषुववृत्ताजवळच्या गावात तेच छत बांधलं तर ऊन वर्षभर डोक्यावर असेल. दक्षिण गोलार्धातल्या फोटोंत 'उन्हाची बाजू' उत्तर असते. तिथल्या मांडणीवरून दक्षिणेबद्दल निष्कर्ष काढला तर सगळंच उलटं पडेल.

पश्चिम मात्र दोन्ही गोलार्धांत पश्चिमच. जगभरातल्या पश्चिमाभिमुख खोल्या आमच्या उपयोगाच्या आहेत. त्यांचा वेगळा विभाग केला आणि तो आता सगळ्यात मोठा होत चाललाय.

२३ जानेवारी

सुनेने विचारलं, "ताई, मला सारख्या काळ्याच चौकटी का दिसतायत? मी तर पांढऱ्या शोधते." त्यांच्या नवऱ्याने सामायिक बोर्डात ज्या काळ्या चौकटी ठेवल्या, तशाच आणखी फोटोंचा मारा सुरू झाला होता. आपण जे साठवतो त्यासारखंच आणखी समोर आणणं, हेच या यंत्रणेचं काम. चार दिवस एकच वळण साठवलं की जगात दुसरं काही बांधलंच जात नाही असं वाटू लागतं.

उपाय म्हणून आम्हा तिघांचे बोर्ड वेगळे केले. नको ते फोटो नुसते पुढे न ढकलता 'हे दाखवू नका' म्हणून कळवायचं ठरवलं. पिंटरेस्टवर फोटोचा एखादा तुकडा निवडून फक्त त्यासारखं शोधता येतं, ते फार उपयोगी पडलं. अख्खी खोली निवडली की तशाच खोल्या येतात. फक्त झडपेचा कोपरा निवडला तर जुन्या रोपवाटिका, शाळांच्या वऱ्हांड्यांच्या खिडक्या आणि कारखान्यांची छतं येतात, आणि सांध्याबिजागरीचं काम तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

२९ जानेवारी

वनस्पती उद्यानांच्या आणि संग्रहालयांच्या खात्यांसाठी पूर्ण दिवस दिला. माझ्या मते हाच या शोधाचा सर्वांत सकस भाग आहे, कारण ही खाती दुरुस्तीचे, सफाईचे, पाइप आणि पन्हळींचे फोटोही टाकतात.

लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातलं पाम हाऊस हे काचघर १८४४ ते १८४८ मध्ये उभं राहिलं. रचना डेसिमस बर्टन आणि रिचर्ड टर्नर यांची. घडीव लोखंडाच्या वक्र फासळ्या, मध्ये काच. फोटोत ते काच आणि हवेचं दिसतं. पण सुरुवातीला त्यात हिरवट छटेची काच होती, पानं होरपळू नयेत म्हणून. उबेसाठी तळघरात बॉयलर होते आणि त्यांचा धूर बोगद्यातून दूरच्या एका मनोऱ्यासारख्या चिमणीत नेला होता. इमारतीच्या प्रसिद्ध फोटोंत ती चिमणी नसते. काचघराचं निम्मं यंत्र चौकटीबाहेर असतं, हे मला मालकांना दाखवायचं होतंच. हे उदाहरण त्यासाठी उत्तम आहे.

काचघरं रचणारे इंग्रज माळी जोसेफ पॅक्स्टन यांच्या कामावरही बराच वेळ गेला. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनासाठी त्यांनी रचलेल्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या इमारतीचे पोकळ लोखंडी खांब छतावरचं पाणी खाली नेत. छताच्या लाकडी पन्हळीत मधली खाच बाहेरच्या पावसासाठी आणि बाजूच्या बारीक खाचा आतून काचेवर जमणाऱ्या दवासाठी होत्या. काचेच्या आतल्या बाजूला पाणी धरणार, हे गृहीत धरून त्याची सोय सांध्यातच केलेली. आजच्या चकचकीत फोटोंत सकाळचं धुकट, थेंबाळलेलं तावदान मी अजून पाहिलेलं नाही. झाडं असलेल्या प्रत्येक काचघरात ते असतं.

पॅक्स्टन यांचं वळ्यावळ्यांचं, म्हणजे ओळीने चढ-उतार असलेलं छत मुलाला फार आवडलं. त्याचे उतार पूर्वेला आणि पश्चिमेला ठेवतात, म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं कलतं ऊन काचेला समोरून भिडतं आणि दुपारचं प्रखर ऊन तिरकं घसरून जातं. कल्पना अतिशय हुशार, पण आपल्याला जे ऊन अडवायचंय नेमकं तेच ती आत बोलावते. हे त्याला कागदावर दोन रेघांत काढून दाखवलं. त्याने स्वतःहून तो फोटो बोर्डातून काढला आणि पन्हळीचा ठेवला.

४ फेब्रुवारी

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं आता जागोजागी आहेत. पिंटरेस्टने २०२५ मध्ये त्यांवर खूण द्यायला सुरुवात केली, तरी प्रत्येकावर ती असेलच असं नाही. मी सांध्यांकडे पाहते. छताचे वासे आढ्याला खरंच पोचतात का? पन्हळ आहे का? उघडणाऱ्या खिडकीला बिजागरी आहे का? दोन खुर्च्यांच्या सावल्या एकाच दिशेला पडतात का? जमिनीतून उगवलेल्या झाडाखाली माती दिसते का? वक्र काचेचा मोठा घुमट कुठल्याच आधाराशिवाय तरंगत असेल तर ते चित्र रंगसंगतीसाठी ठेवावं, बांधकामासाठी मुळीच नाही. शंका आली की चित्र शोधयंत्रात टाकून त्याचं मूळ शोधायचं. एकच चित्र वेगवेगळ्या नावांनी फिरताना दिसलं आणि मूळ वास्तूचा पत्ता कुठेच लागला नाही, तर ते बाद.

खऱ्या फोटोंतही आकाराची फसगत असते. फोनच्या रुंद भिंगाने खोली लांबते. मी खुर्चीच्या बैठकीवरून माप काढते. ती साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते, दाराची उंची दोन मीटरच्या आसपास. एवढ्या दोन खुणा मिळाल्या की काचपट्टी किती रुंद, कट्टा किती खोल, याचा पुरेसा अंदाज येतो.

१० फेब्रुवारी

काकांना बोर्ड मोठ्या पडद्यावर दाखवला. शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "अगं, या खुर्च्यांवर कुणीच का बसलेलं नाही?"

खरंच नाही. संध्याकाळपासून फक्त माणसं असलेले व्हिडिओ शोधतेय. झाडांची निगा दाखवणारे, काचघरात वाचत किंवा विणत बसलेले, मांजराचेसुद्धा. तिथे खुर्ची कुठे सरकवलेली असते ते पाहावं. सजवलेल्या फोटोंत ती मधोमध, काचेसमोर असते. वापरातल्या खोल्यांत ती घराच्या भिंतीशी, थोडी आडवी वळवलेली, एका बाजूने उजेड येईल अशी असते. समोरून झळाळी आली तर पुस्तकाचं पान वाचवत नाही. अनेक ठिकाणी पाठीमागच्या काचेवर चादर अडकवलेली दिसली. माझ्यासाठी ती चादर पन्नास देखण्या फोटोंपेक्षा मोलाची आहे. तिथे सावली हवी होती आणि नकाशात ती नव्हती.

काकांची बैठक आता नकाशाचा आरंभबिंदू. भिंतीचा उत्तर कोपरा, पाठीला भिंत, उजव्या हाताला काच.

१७ फेब्रुवारी

काही वर्षं काचघर वापरणाऱ्यांना निरोप पाठवले होते. प्रश्न तीनच: सगळ्यात नकोशी वेळ कोणती, नंतर काय बदललं, छताची काच कशी पुसता? लोक मनापासून उत्तरं देतात, हे या माध्यमाचं मोठं देणं आहे. एका बाईंनी कळवलं की आधी आतून पडदे होते, मग ते काढून बाहेरून बसवले. कारण उघड आहे. आतला पडदा उन्हाला भेटतो तोवर ते काचेच्या आत आलेलं असतं, बाहेरचा त्याला उंबरठ्यावरच थांबवतो. छत पुसण्याचा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना अडचणीचा गेला. शिडी लावायला जागाच ठेवलेली नसते.

काचघर उभारणाऱ्या कारागिरांची खातीही रोज पाहते. जोतं, ओलरोधक थर, भिंतीत घुसवलेली पत्र्याची पट्टी, कापून दाखवलेला ॲल्युमिनियमचा सेक्शन, म्हणजे चौकटीचा पोकळ दांडा. त्या कापात आतला आणि बाहेरचा धातू वेगळा करणारी पॉलिॲमाइड या प्लास्टिकची पट्टी दिसते. ती नसेल तर थंडीत चौकटीच्या आतून पाणी धरणार. तयार खोलीच्या फोटोत पट्टी असलेला आणि नसलेला, दोन्ही सेक्शन अगदी सारखे दिसतात.

२४ फेब्रुवारी

जागेचे स्वतःचे फोटो काढले. एकाच ठिकाणी उभं राहून, दर तासाला, दुपारपासून सूर्यास्तापर्यंत. जमिनीवर खडूने तीन बाय चारची चौकट आखली, काकांची खुर्ची कोपऱ्यात ठेवली. हे फोटो बोर्डात प्रेरणेच्या फोटोंशेजारी लावले.

परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा झाला. मुलगा म्हणाला, "पाच वाजता तर खुर्ची दिसतच नाहीये, नुसता उजेड आहे." त्यानंतर छत पूर्ण काचेचं असावं हा आग्रह कुणी धरला नाही. मला समजावून सांगावं लागलं नाही.

५ मार्च

पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, टॉर्चने ऊन दिलं. छज्जा पुढे काढून पाहिला. उंच उन्हाला तो अडवतो, पण कलतं ऊन त्याच्या खालून सरळ आत येतं. पश्चिमेला आडव्या सावलीचा उपयोग थोडा. उभी सावली हवी: उभ्या पट्ट्या, जाळीवर चढलेला वेल किंवा बाहेरून उतरणारा पडदा. सुनेच्या बोर्डातला पानगळीचा वेल इथे कामाला आला. कडक उन्हाच्या दिवसांत पानं, थंडीत मोकळी जाळी. तो फोटो त्यांनी केवळ सुंदर म्हणून ठेवला होता, खाली ओळ होती 'भिंतीवरची हिरवी सावली'. ओळ लिहायचा नियम इथे फळला.

हवेचं गणितही मांडलं. रोपांच्या काचघरात छतातल्या झडपांचं क्षेत्रफळ जमिनीच्या साधारण एक पंचमांश असावं, असा बागकामातला ठोकताळा आहे. आमची जमीन १२ चौरस मीटर, म्हणजे २.४ चौरस मीटर झडपा, शिवाय खालून हवा आत यायला बुटक्या खिडक्या. गरम हवा वरून निघते तेव्हाच थंड हवा खालून शिरते. वरची वाट आणि खालची वाट यांत जितकं उंचीचं अंतर, तितका ओढा जास्त. म्हणून आढं घराच्या भिंतीकडे उंच आणि झडपा तिथेच.

१२ मार्च

काचेवर बैठक. साध्या दुहेरी काचेतून उन्हाच्या उष्णतेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग आत येतो, ऊन रोखणाऱ्या लेपाच्या काचेतून साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त. लेपाच्या काचेला हलकी निळसर-हिरवट झाक येऊ शकते. आता कळतं की बोर्डातल्या काही फोटोंत पानांचा रंग थंड का वाटत होता. झाडांना उजेड पुरेसा हवा, म्हणून लेपाची काच फक्त पश्चिमेला आणि छताच्या पट्टीला, उत्तरेला स्वच्छ काच.

डोक्यावरच्या काचेत आतलं तावदान लॅमिनेटेडच. टफन, म्हणजे भट्टीत कडक केलेली काच फुटली की बारीक दाणे होऊन खाली पडते, लॅमिनेटेड फुटली तरी मधल्या थराला धरून राहते. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, त्यामुळे मापं चौकट उभी राहिल्यावरच घ्यायची.

२० मार्च

नकाशा घरातल्या तिघांनीही मान्य केला. दोन तृतीयांश छत भरीव, आढ्यालगत काचेची पट्टी आणि तिच्यात झडपा. पश्चिमेला ६० सेंटीमीटरची भरीव भिंत, तिच्या आतल्या अंगाला कुंड्यांची रांग, वर काच, बाहेर पडदा आणि वेलाची जाळी. चौकट काळी, बारीक. बाहेरच्या हिरव्यात ती विरून जाते. आतला कट्टा आणि भिंत पांढरी. झाडांच्या अर्ध्या भागात फरशीला उतार आणि पाणी जायला जाळी, बसायचा भाग कोरडा. दक्षिण टोकाला शिडी टेकवायची जागा नकाशातच राखून ठेवली.

बोर्डात आता मोजके फोटो उरलेत आणि प्रत्येकापुढे नकाशातल्या तपशिलाचा क्रमांक आहे. क्रमांक न मिळालेले सगळे काढले. कारागिरांसाठी वेगळी प्रत केली, तिच्यात सजवलेल्या खोल्या नाहीत, फक्त सांधे, पन्हळी, बिजागऱ्या आणि आमचे खडूच्या चौकटीचे फोटो.

२७ मार्च

चौकटी बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला प्रश्न गेले: झडपेच्या सेक्शनला पॉलिॲमाइड पट्टी आहे का, आतल्या दवासाठी खाच आणि तिचं पाणी बाहेर काढणारं भोक कुठे, बाहेरच्या पडद्याची पेटी चौकटीला लागेल की भिंतीला, वाऱ्यात पडदा धरून ठेवायला बाजूच्या पट्ट्या असतील का. सोबत पन्हळीचा तो जुना फोटो जोडला. झडपा उंचावर आहेत, काकांचा हात पोचणार नाही, म्हणून दांड्याने फिरवायची की मोटरने, याचे दोन्ही नमुने मागवलेत. मोटर घेतली तर वायर वाशातून न्यावी लागेल आणि ते सेक्शन कापण्याआधी ठरायला हवं.